पाटा, वरवंटा आणि एक प्रवचन

आमच्या चर्चच्या निवासस्थानाच्या मागील दारी, नळाशेजारी, एक पाटा पडून आहे. काळ्या दगडाचा, हातभर रुंद, मध्यभागी किंचित खोलगट झालेला. नवीन येणारे पाहुणे त्याकडे कौतुकाने पाहतात. मागे एक तरुण जोडपे लग्नाच्या नोंदणीसाठी आले असता त्यातील वधू आम्हांस म्हणाली, "फादर, किती छान! आमच्या नव्या ब्लॉकमध्ये शोभेसाठी असाच एक हवा होता." आम्ही हसून विषय बदलला. हा पाटा येथे कसा आला हे सांगावयाचे, तर आमच्या हातून घडलेली एक चूकही सांगावी लागते, आणि ती चूक आम्ही वेदीजवळ उभे राहून, ध्वनिक्षेपकावरून केलेली आहे.

आमचे बालपण वसईच्या पश्चिम पट्ट्यात, वाडीतल्या कौलारू घरात गेले. जेवणारी अकरा तोंडे. आजी-आजोबा, आईवडील, अविवाहित काका, एक विधवा आत्या आणि आम्ही भावंडे. जाते तोपर्यंत कोपऱ्यात जाऊन बसले होते; पिठाच्या गिरणीने त्याची सुटका केली होती. पाट्याची सुटका मात्र झालेली नव्हती. सकाळचे कालवण, संध्याकाळचे कालवण, दोन्ही वेळा खोबरे, ओल्या-सुक्या मिरच्या, धणे, लसूण, चिंच असे सारे वाटायचे. सणाला त्यात भर. सांदणासाठी भिजवलेले तांदूळ वाटायचे, इंद्यालसाठी मसाला सिरक्यात वाटायचा. वर्षाचा कोरडा मसाला तेवढा एप्रिल-मेमध्ये कुटला जाई. अंगणात चादरीवर मिरच्या लाल पसरलेल्या, धणे, तीळ, खसखस, मोहरी, गहू, चण्याची डाळ एकेक करून भाजणे, मग उखळात मुसळांचा ताल, आणि शेवटी बाटल्या भरणे. त्या बाटल्या बियरच्या असत. गडद रंगाच्या काचेत मसाल्याचा रंग टिकतो, हे खरे. पण धर्मगुरूच्या खोलीत तशा बाटल्यांची रांग पाहून नव्याने बदलून आलेल्या एका सहायकांचा चेहरा जो झाला होता, तो आम्ही विसरलेलो नाही. असो.

दर काही महिन्यांनी "टाकीऽऽ" अशी आरोळी देत एक बाई वाडीत येई. वाटून वाटून पाटा गुळगुळीत झाला की त्यावर मसाला नुसता सरकतो, बारीक होत नाही; मग छिन्नीहातोडीने त्याला पुन्हा खड्डे पाडावे लागतात. ती बाई अंगणात फतकल मारून बसे आणि ठक ठक करीत दगडावर ठिपक्यांच्या ओळी उठवी. आम्हां मुलांस तो खेळ वाटे. टाकी लावून झाल्यावर पहिले एकदोन दिवस कालवणात दगडाची कच लागे आणि आजोबा काही न बोलता ती ताटाच्या कडेला काढून ठेवीत.

१९८६ साली नाताळच्या सुटीत आम्ही सेमिनरीतून घरी आलो असता थोरल्या भावाने पहिल्या बोनसमधून मिक्सर आणला. त्या काळी वाडीत ती मोठी घटना होती. या यंत्राचा इतिहासही मोठा घरगुती आहे. सत्यप्रकाश माथुर हे सीमेन्स कंपनीत काम करणारे अभियंते. त्यांच्या पत्नी माधुरी यांच्या स्वयंपाकघरातील जर्मन बनावटीचे यंत्र बिघडले आणि त्याची दुरुस्ती येथे होईना. परदेशी यंत्रे दूध-फळे घुसळण्यासाठी केलेली. आपली सुकी हळद, भिजलेली डाळ, खोबरे त्यांना झेपत नसे. तेव्हा आपल्या वाटणाला पुरेल असा दणकट यंत्रमाग, नव्हे, यंत्रपाटा म्हणू या, त्यांनी तयार केला, तो 'सुमीत'. एका बाईच्या अडचणीतून निघालेली ही वस्तू पुढे हजारो घरांत गेली.

तर त्या संध्याकाळी भावाने बटण दाबले, मिक्सर गर्जला, आजी दचकली आणि सगळे हसले. थोड्या वेळाने आम्ही पाणी प्यायला मागच्या पडवीत गेलो, तर आई पाट्याजवळ बसून पदराने डोळे पुसत होती. आम्ही काही विचारले नाही. सतरा वर्षांच्या मुलाला विचारण्यापेक्षा समजून घेतल्याचा अभिमान अधिक असतो. आपल्या जुन्या सोबत्याला निरोप देताना आईचे डोळे भरून आले, असे आम्ही मनाशी ठरविले, आणि ते चित्र जपून ठेविले.

पुढे सुमारे अठरा वर्षांनी ते चित्र आम्ही वापरले. पवित्र कुटुंबाच्या सणाचा रविवार होता. नासरेथच्या घराविषयी बोलताना आम्ही आजच्या घरांवर आलो. यंत्रे आली, वेळ वाचला, पण तो वाचलेला वेळ दूरदर्शनसमोर गेला. पाट्यावरच्या चवीबरोबर घरातील रोजरीही गेली, असे आम्ही मोठ्या आवेशात सांगितले. आणि शेवटी, लोकांच्या काळजाला हात घालावा म्हणून, आमच्या मातेच्या अश्रूंची गोष्ट सांगितली. बायकांच्या बाजूला काही डोळे पुसले गेलेले आम्हांस वेदीवरून दिसले. प्रवचन साधले, असे वाटले. आई त्या दिवशी आमच्या धर्मग्रामात पाहुणी होती. तिसऱ्या बाकावर बसली होती. ती काही डोळे पुसत नव्हती.

मिस्सेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर एक बाई थांबल्या होत्या. पहाटेच्या लोकलने भाजीच्या टोपल्या घेऊन मुंबईला जाणाऱ्या. त्यांनी हात जोडले आणि सरळ विचारले, "फादर, तुम्ही स्वतः कधी वाटलंय का?" आम्ही म्हणालो, "नाही, मावशी." त्या म्हणाल्या, "मग बरोबर," आणि निघून गेल्या. हे "बरोबर" आम्हांस दिवसभर टोचत राहिले.

आईने मात्र दुपारचे जेवण होईपर्यंत वाट पाहिली. पाहुण्यांसमोर ती आम्हांस 'फादर' म्हणे आणि अहोजाहो करी. स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडला की घरचे नाव आणि अरेतुरे. (आमच्या घरची बोली वेगळी, येथे प्रमाण मराठीत लिहितो आहोत, त्यात तिचा निम्मा तिखटपणा गळून जातो.) भांडी विसळता विसळता ती म्हणाली, "तुला कुणी सांगितलं मी पाट्यासाठी रडले म्हणून?"

आम्ही गप्प.

"तुझ्या ताईसाठी रडले मी. हे यंत्र दहा वर्षं आधी आलं असतं, तर पोरगी शाळेत राहिली असती."

ही गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती असे म्हणणे खोटे ठरेल. ताई सातवीनंतर शाळेत गेली नाही, हे आम्हांस ठाऊक होते. तिला अभ्यासाची आवड नव्हती, असे घरात बोलले जाई आणि आम्ही ते मानून चाललो होतो. आईने त्या दुपारी सांगितले ते असे. १९७६च्या पावसाळ्यात तिचा उजवा खांदा धरला. हात वर जाईना. आत्या वाडीच्या कामात, आजी थकलेली, अकरा माणसांचे वाटण करणार कोण? दोन महिने ताईने शाळेतून येऊन वाटले, मग सकाळचेही वाटू लागली, मग शाळेला उशीर होऊ लागला, आणि दिवाळीच्या सुटीनंतर ती गेलीच नाही. ती वर्गात पहिल्या पाचांत होती. तिची वह्या-पुस्तके पुढे कुणी वापरली, हे आईने सांगितले नाही. सांगण्याची गरज नव्हती. त्या पुस्तकांच्या आतल्या पानावर खोडलेल्या ताईच्या नावाखाली आमचे नाव आम्हीच लिहिले होते.

मिक्सर घरात आला तेव्हा ताईचे लग्न होऊन वर्ष झाले होते.

सेमिनरीत आम्हांस पोप दुसरे जॉन पॉल यांचे १९८१चे 'लाबोरेम एक्सेर्चेन्स' हे मानवी श्रमांविषयीचे परिपत्रक अभ्यासाला होते. त्यात स्त्रिया घराचा नि मुलांचा भार दररोज वाहतात आणि त्याची योग्य दखल समाजच काय, कधी कधी त्यांचे स्वतःचे कुटुंबीयही घेत नाहीत, अशा आशयाचे एक वाक्य आहे. आम्ही त्याखाली पेन्सिलने रेघ मारली होती. परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिले होते आणि गुण चांगले पडले होते. ते पुस्तक अजून आमच्या कपाटात आहे. त्या रात्री काढून पाहिले. रेघ सरळ, पट्टी लावून मारलेली.

मग आम्ही पवित्र शास्त्राकडे वळलो, प्रवचनासाठी नव्हे. दळण्याविषयी शास्त्रात काय आहे ते एकदा नीट पाहावे म्हणून. जे आढळले ते आमच्या गोड चित्राला धरून नव्हते. निर्गमच्या अकराव्या अध्यायात मिसर देशातील सर्वांत खालच्या पायरीवरील माणूस कोण, तर जात्यामागे बसलेली दासी. शमशोनाचे डोळे काढल्यावर पलिष्ट्यांनी त्याचा अपमान करण्यासाठी त्याला बंदिगृहात कोणते काम दिले, तर दळणाचे. दुसऱ्या बाजूस, अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात कर्जापोटी कुणाचे जाते किंवा जात्याची वरची तळी गहाण घेऊ नये असा नियम आहे, कारण ते घेणे म्हणजे त्या घराचा जीवच घेणे. आणि यिर्मया काय, प्रकटीकरण काय, नगर उजाड झाले हे सांगताना जात्याचा आवाज थांबला असे सांगतात. म्हणजे तो आवाज जिवंतपणाची खूणही आहे आणि दास्याचीही. आम्ही आयुष्यभर केवळ एकच अर्थ ऐकत आलो होतो, कारण आम्ही झोपेत असताना तो आवाज दुसरे कुणी करीत होते. प्रभूच्या जन्माच्या आसपासच्या काळातील थेस्सलनीकाचा कवी अंतिपात्र याने, पाणचक्की आल्यामुळे दळणाऱ्या दासींच्या हातांना विसावा मिळाला म्हणून कविता रचली. यंत्राचे स्वागत करणारा तो कवी आमच्यापेक्षा दोन हजार वर्षे पुढे होता.

चवीचे म्हणाल, तर आमचे मत अजूनही पाट्याच्या बाजूचे आहे, ते लपवीत नाही. पाटा चिरडतो, मिक्सरचे पाते कापते. चिरडल्याने खोबऱ्यातले तेल आणि मिरचीचा रस एकजीव होतात. मिक्सरचे पाते मिनिटाला हजारो फेरे घेते, भांडे तापते आणि मसाल्याच्या वासाचा काही भाग वाफेबरोबर झाकणाला चिकटून राहतो. तेही पाणी घातल्याशिवाय फिरत नाही, आणि पाणी जास्त झाले की कालवण उकळत बसावे लागते. हे सर्व खरे आहे. पण त्या चवीची किंमत कोण मोजत होते, हा प्रश्न आम्हांस जेवताना पडला नव्हता.

ताईशी याविषयी बोलावयास आम्हांस चौदा वर्षे लागली. सांगावयास लाज वाटते, परंतु शेकडो लोकांचे पापनिवेदन ऐकणाऱ्या माणसाला स्वतःच्या बहिणीसमोर तोंड उघडणे जड जाते. योग आला तो २०१८ साली, पवित्र भूमीच्या यात्रेत. आमच्या धर्मग्रामातील चाळीसएक जण होते, ताई त्यांत होती. या यात्रांतील सामानाविषयी स्वतंत्र लेख होईल. प्रत्येक बाईच्या बॅगेत सुकी चटणी, लोणचे, पोळ्यांची चवड. विमानतळावर एका बॅगेतील लाल भुकटीची बाटली पाहून अधिकाऱ्याने ती उघडून हुंगली आणि त्याला जी शिंक आली, ती थांबेचना! दुसऱ्या दिवसापासून हॉटेलातील सौम्य कोंबडीवर ती भुकटी आमच्या सर्व टेबलांवर फिरत होती. आम्हीही हात पुढे केला, हे कबूल करतो.

कफर्णहूम येथे, पेत्राच्या घराच्या अवशेषांजवळ, उत्खननात मिळालेली काळ्या ज्वालामुखी दगडाची जाती मांडून ठेवलेली आहेत. आमचा मार्गदर्शक सभास्थानाचे खांब दाखवीत पुढे गेला. पुरुषमंडळी त्याच्यामागे गेली. बायका मात्र त्या जात्यांपाशी थांबल्या. मार्गदर्शकाने दोनदा हाक मारली तरी हलल्या नाहीत. एकीने खाली वाकून दगडावर तळवा टेकला, दुसरीने कडेला बोट फिरवून, "याला टाकी लावलेली दिसते," असा निर्णय दिला. ताई शेवटी उभी होती. ती म्हणाली, "पेत्राच्या सासूला ताप आला होता ना? ती उठल्याबरोबर सेवा करायला लागली म्हणतात. हेच फिरवलं असेल तिनं."

आम्ही त्या वाक्यावर आजवर किती प्रवचने दिली असतील! ती उठली आणि सेवा करू लागली, हे तिच्या पूर्ण बरे होण्याचे चिन्ह, असे आम्ही सांगत आलो. तिच्या खांद्याचा विचार मनात आला नव्हता.

समुद्राकडे जाणाऱ्या वाटेवर आम्ही ताईस म्हटले, "ताई, शाळेचं मला उशिरा कळलं." ती चालत राहिली. मग म्हणाली, "कळलं ना? मग झालं." थोड्या वेळाने पुन्हा, "मला भूगोल आवडायचा. बाई नकाशा भरायला मलाच सांगायच्या. हा गालील समुद्र तेव्हा नकाशात नव्हता बहुतेक." आणि हसली. आम्हांस हसता आले नाही. त्याच किनाऱ्यावर पुनरुत्थित प्रभूने निखाऱ्यांवर मासे भाजून, भाकरी ठेवून शिष्यांना न्याहारीला बोलाविले होते, ते योहानाच्या शेवटच्या अध्यायात आहे. रात्रभर जाळी ओढून थकलेल्यांना आयते खायला मिळाले. ज्याने ते शिजविले त्याच्या हातांवर खिळ्यांचे वण होते. त्या दिवशीची मिस्सा आम्ही त्या किनाऱ्यावर अर्पण केली आणि प्रवचन दिले नाही. कुणाची तक्रार आली नाही.

आई तीन वर्षांपूर्वी प्रभूच्या घरी गेली. तिचा मसाला कसा करायचा, हे कुणी नीट लिहून घेतले नव्हते. आमच्या भावाची सून कॅनडात असते; तिने शेवटच्या वर्षी व्हिडिओ कॉलवरून विचारून घेण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. "आजी, धणे किती ग्रॅम?" "मूठभर." "तुमची मूठ की माझी?" मग आईने पडद्यासमोर मूठ धरली आणि तिकडे त्या मुलीने वजनाच्या काट्यावर आपल्या मुठीने धणे ओतून पाहिले. अशी निम्मी यादी झाली. शिवाय येथून नेलेला तिचा मिक्सर तिकडच्या वीजदाबावर नुसताच गुणगुणे. येथे २३० व्होल्ट, तिकडे १२०. तिने तिकडच्या दाबाचा दुसरा मिक्सर घेतला. खसखशीपाशी आईला दम लागला आणि पुढचे राहून गेले. त्या यादीत खसखशीनंतरच्या जागा अजून रिकाम्या आहेत. ताईला बाकीचे ठाऊक आहे का, असे त्या मुलीने आम्हांस विचारले. आम्ही ताईला विचारले. "हाताला ठाऊक आहे," ताई म्हणाली. "तोंडाला नाही."

जुने घर पाडून भावाने तेथे नवे बांधले तेव्हा वहिनींनी ताईला निरोप धाडला, पाटा तुम्ही न्या, आईची आठवण. ताई म्हणाली, "मला तो दगड घरात नको. फादरना द्या." म्हणून तो टेम्पोतून येथे आला. वरवंट्यासकट.

गेल्या सणाला ताई जेवावयास आली होती. मागच्या दारी हात धुताना तिने पाट्याकडे पाहिले, अंगठ्याने चाचपला आणि म्हणाली, "गुळगुळीत झालाय." आता टाकी लावणारी बाई कुठून आणावी? आम्ही म्हटले, "ताई, मला शिकव." तिने आमच्याकडे जरा रोखून पाहिले. मग आतून खुर्ची मागविली, ओट्यावरचा खवलेला नारळ, मिरच्या, लसूण असे सारे आमच्यासमोर ठेवविले आणि स्वतः खुर्चीत बसली. आम्ही झगा वर खोचून खाली बसलो. आमचा स्वयंपाकी दारात उभा राहून पाहत होता. त्याला जावयास सांगण्याचे धैर्य झाले नाही.

"पाणी कमी," ताई म्हणाली. "मनगटानं नको, खांद्यानं. दगड उचलू नकोस, लोटायचा असतो. आता कडेचं मध्ये घे." पाच मिनिटांत आमचा श्वास वाढला. दहा मिनिटांत उजव्या खांद्यात कळ उठली. खोबरे अजून भरडच होते आणि बरेचसे आमच्या गुडघ्यावर होते. ताईने एकदाही पुढे होऊन वरवंटा हातात घेतला नाही. आम्हांस वाटले होते, घेईल.

अर्धा नारळ कसाबसा उरकला. तिने बोटाने चाखून पाहिले. "मीठ?" आम्ही विचारले. "चवीपुरतं," ती म्हणाली, आणि उरलेल्या अर्ध्या नारळाचे ताट उचलून आत गेली. थोड्या वेळाने आतून मिक्सरचा आवाज आला.